आवाज येवक व्हयो

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तुम्ही परबकाकांबरोबर सापडलात, तर तुमचा मजला आला म्हणून दार उघडेलच असं नाही. काकांचा अंगठा दार बंद ठेवायच्या बटणावर असतो आणि दुसऱ्या हातातला बदाम तोवर तुमच्या तळहातावर आलेला असतो. भिजवलेला, सोललेला, पांढराशुभ्र. "टाक तोंडात," काका म्हणतात. तुम्ही टाकता, कारण घरी जायचं असतं. मग हा उंच, किडकिडीत, सत्तरी ओलांडलेला गृहस्थ मान तिरकी करून कान पुढे करतो आणि डोळे मिटतो. "चाव. आवाज येवक व्हयो." म्हणजे आवाज यायला हवा, नुसतं गिळून चालायचं नाही. कट् असं ऐकू आलं की "इलो", म्हणजे आला, असं म्हणत काका डोळे उघडतात, अंगठा निघतो आणि तुमची सुटका होते.

चौथ्या मजल्यावर भाड्याने आलेल्या एका मुलाने पहिल्याच आठवड्यात वॉचमनला विचारलं होतं, की इथे लिफ्टला टोल आहे का. वॉचमन म्हणाला, आहे, पण उलटा, इथे आपल्यालाच मिळतं. तो मुलगा आता सकाळी मुद्दाम काकांची वेळ साधून खाली उतरतो.

आम्ही चारकोपला राहायला आलो त्याआधीपासून काका दुसऱ्या मजल्यावर आहेत. आम्ही त्यांच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्यावर. मूळचे वेंगुर्ल्याकडचे. वडील गिरणीत होते, आणि काकांनी इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात नोकरी केली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोळ्या खोक्यांत भरल्यावर निवृत्तीच्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की आता लोकांना गोळीच लागू नये याच्या मागे लागणार. बाकीचे लोक असं काहीतरी निरोप समारंभात बोलतात आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीसमोर बसतात. काका दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात जाऊन बदामाची पोती हुंगत उभे राहिले.

त्यांच्या शर्टाला दोन खिसे असतात, शिंप्याकडून खास शिवून घेतलेले. उजव्या खिशात स्टीलची चपटी डबी, तिच्यात भिजवलेले बदाम. डाव्या खिशात पुडी, तिच्यात फुटाणे. हे फुटाणे पाचव्या मजल्यावरच्या गोगटेबाईंसाठी, कारण त्यांना शेंगदाणे-बदाम बाधतात, घसा सुजतो. नवा माणूस दिसला की काका आधी विचारतात, "काय बाधत नाय ना? घसा खाजणं, अंगावर पुरळ, तसलं काय?" मगच डबी उघडते. या एका बाबतीत त्यांच्याइतका सावध माणूस मी पाहिलेला नाही. बाकी सगळ्या बाबतींत त्यांची गाडी सुसाट असते.

माणसाचा स्वभाव, तब्येत आणि परीक्षेचे मार्क या तिन्ही गोष्टी तो सकाळी काय खातो यावर अवलंबून आहेत, हे काकांचं ठाम मत. कोणी चिडचिड केली की ते शांतपणे विचारतात, "नाश्त्याला काय होतं? बिस्किट ना? मग बरोबर." माझी त्यांची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी नाव विचारायच्या आधी नखं दाखवायला सांगितली होती. मी अंधेरीला विमा कंपनीत नोकरी करते, आणि दुपारचं जेवण म्हणजे खारी आणि चहा असा माझा तेव्हा खाक्या होता. काकांनी नखं उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "गो बाय, तू दुसऱ्यांचे विमे उतरवतंस, तुझो कोण उतरवतलो?" दुसऱ्या दिवसापासून माझ्या दाराच्या कडीला शेंगदाण्यांची पिशवी लटकायला लागली.

शेंगदाण्याला कोणी गरिबांचा बदाम म्हटलेलं त्यांना खपत नाही. "शेंगदाणो कोणापेक्षा गरीब नाय. तो स्वतःच्या जिवावर मोठो आसा." अक्रोड, तीळ, जवस, भोपळ्याच्या बिया या सगळ्यांबद्दल ते घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलतात. किती खायचं याचं त्यांचं एकच माप, ज्याची त्याची मूठ. "तुझी मूठ दाखव. बस, तेवढंच. पोतं खाल्लंस म्हणून पैलवान होत नाय, पोट बिघडतं." आणि ते नुसते बदामवाले नाहीत हेही सांगितलं पाहिजे. भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक, मासळी यांच्याशिवाय बदाम एकटा काही करू शकत नाही हे ते परत परत बजावतात. आमचा मिलिंद, म्हणजे माझा नवरा, एकदा वडापाव खाता खाता त्यांच्याकडून बदाम घ्यायला गेला. काका म्हणाले, "मिलिंदा, बदाम काय पोलीस आहे काय? तू गुन्हा करणार आणि तो मागनं धावणार?"

फक्त काजूचं आणि त्यांचं जमत नाही. वेंगुर्ल्याचा माणूस, जिथे परसात काजूची झाडं, आणि हे काजूला 'लग्नाच्या पुलावातला पाहुणा' म्हणतात. त्यात तसा काही दोष नाही हे ते मान्य करतात, पण त्याला उगाच मान फार मिळतो अशी त्यांची तक्रार. त्यामुळे त्यांच्या घरात काजू येत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्यांचा सगळ्यात गाजलेला पराक्रम म्हणजे पार्किंगवरून झालेली सर्वसाधारण सभा. दोन गट पडले होते आणि सेक्रेटरींचा आवाज बसला होता. काकांनी मध्येच उठून गोगटेबाई सोडून प्रत्येकाच्या हातात एकेक अख्खा अक्रोड ठेवला, कवचासकट. फोडायचा कशाने? तर क्लबरूमच्या दाराच्या फटीत. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं दारापाशी रांगेत उभी राहिली, एकाने दार ओढायचं आणि दुसऱ्याने अक्रोड धरायचा. मग सगळे चावत बसले आणि तेवढ्या वेळात ठराव पास झाला. ते दार तेव्हापासून नीट लागत नाही, आणि काकांच्या मते तो देखभाल समितीचा प्रश्न आहे.

या सगळ्या गडबडीत शालिनीकाकू कुठे असायच्या? स्वयंपाकघरात. काकू बुटक्या, बारीक, हसल्या की पदर तोंडाला लावणाऱ्या. बोलणं कमी. काकांचं भाषण चालू असलं की त्या मागच्या मागे चहा ठेवून जायच्या. आग्रह केला की ठरलेलं उत्तर, "तुम्ही खावा. मी खातंय मागसून." मी त्यांच्याकडे कितीतरी वेळा जेवले आहे, पण काकूंना जेवताना पाहिल्याचं काही मला आठवत नाही. माझी आई पण तशीच होती, त्यामुळे त्यात बघण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही.

काकूंची ओळख म्हणजे त्यांचे लाडू. बदाम-अक्रोड भाजून, भरड कुटून, खारीक आणि डिंक घालून तुपात वळलेले. महिन्या-दोन महिन्यांनी एक डबा आमच्याकडे यायचा, एक नाशिकला त्यांच्या मुलीकडे, नीलिमाकडे जायचा, आणि काकांना रोज दुपारच्या चहाबरोबर एक. लाडू झकास असायचे. काका लाडू खाता खाता म्हणायचे, "बघ, माझं ऐकून ही पण शिकली."

संक्रांत झाली आणि त्याच आठवड्यात काकू बाथरूममध्ये घसरून पडल्या. कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तेही चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा मी तिथेच होते. ते कागद चाळत म्हणाले, की पडणं हे निमित्त झालं. हाडं ठिसूळ झाली आहेत, रक्त कमी आहे. "यांचं खाणं बरीच वर्षं पुरेसं झालेलं दिसत नाही. डाळी, दूध, असं काही पोटात जात नसावं. आता नीट खाल्लं, अंगात ताकद आली, तरच वॉकर धरून उभ्या राहतील. या दीड-दोन महिन्यांत नाही उठल्या तर पुढे फार जड जाईल."

काकांना वाटलं डॉक्टर चुकून दुसऱ्याच पेशंटचे कागद वाचताहेत. "डॉक्टर, तुम्ही कोणाबद्दल बोलताय? माझ्या घरात? मी हिला रोज सकाळी वाटीत बदाम देतो. माझ्या हाताने सोलून." डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी छताकडे पाहिलं.

उलगडा घरी आल्यावर झाला. मी त्यांच्यासाठी पेज करायला गेले होते आणि काका मला जिरं काढून देत होते. जिऱ्याचा डबा कुठे असतो हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते एकामागून एक डबे उघडत होते. एका डब्यात सोललेले बदाम निघाले. भिजवून, सोलून, मग पुन्हा कागदावर पंख्याखाली वाळवलेले. काकांनी त्यातला एक उचलून उजेडात धरला. स्वतःच्या अंगठ्याने सोललेला बदाम त्यांना ओळखू येतो, टोकाला त्यांचं नख लागलेलं असतं.

ते डबा घेऊन काकूंच्या खाटेपाशी गेले. मी मागोमाग. काकूंनी डबा बघितला आणि आधी पदर शोधला.

"तुमच्या समोर वाटी घ्यायची मी," काकू म्हणाल्या. "तुम्ही फिरायला गेलात की बाजूला काढून ठेवायची. एकटीनं बसून बदाम काय खायचे? लाडू केले की सगळ्यांना होतात. वरच्यांना होतात, नीलूला होतात, तुम्हाला होतात."

म्हणजे इतकी वर्षं काका दुपारी चहाबरोबर जो लाडू खात होते तो काकूंच्या वाटणीचा होता. वरचे म्हणजे आम्ही. मी पेज बघायच्या निमित्ताने आत निघून आले, कारण मला रडू येत होतं आणि त्या लाडवाची चवही त्याच वेळी जिभेवर येत होती.

त्या दिवसानंतर काकांचे दोन्ही खिसे चपटे झाले. लिफ्टचं दार वेळेवर उघडायला लागलं. सोसायटीला याची फार अडचण झाली. सेक्रेटरी मला जिन्यात गाठून म्हणाले, "काका बरे आहेत ना? लिफ्टमध्ये कोणी अडवतच नाही यार, चुकल्यासारखं होतं." गोगटेबाई आपले फुटाणे स्वतः विकत आणून खायला लागल्या, पण म्हणाल्या, तशी मजा येत नाही.

काकांनी सगळं लक्ष काकूंवर वळवलं, आणि तिथेच त्यांचं शास्त्र कोसळलं. ते ताटली घेऊन काकूंच्या समोर बसत. मुगाचं घट्ट वरण, अंडं, नाचणीची आंबील, बदाम. "चाव गो. आवाज येवक व्हयो." आणि कान पुढे. काकू लाजून पदर तोंडावर घेत आणि पदर काही केल्या खाली येत नसे. त्यांना कोणासमोर खाताच येत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून सगळ्यांचं झाल्यावर, ओट्यापाशी, उभ्याउभ्या, उरलंसुरलं खायची सवय. कोणी बघतंय म्हटलं की त्यांचा घास घशात अडकायचा. ताटली तशीच परत यायची. व्यायाम शिकवणारी मुलगी यायची, काकू वॉकर धरून उभ्या राहायच्या, दोन क्षणांत पाय थरथरायचे आणि खाली बसायच्या. एक दिवस ती मुलगी मला दाराबाहेर हळूच म्हणाली, "ताई, यांच्या अंगात काही नाहीये ओ. मी काय करू?"

काका त्या संध्याकाळी आमच्याकडे वर आले आणि कोणाची नखं न बघता खुर्चीत बसले.  मग म्हणाले, "आख्ख्या बिल्डिंगचे दात मोजले मी. ही जेवता कशी, ता मी कधी बघूकच नाय. माका कळूकच नाय गो." डोळे पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला तर त्यातून बदामाची सालं पडली. मिलिंदने ती उचलून गुपचूप स्वतःच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. साडेबाराला काकांचा फोन आला, की ताबडतोब खाली ये. मी धावत गेले, वाटलं काकू पुन्हा पडल्या. बघते तर दोघं व्यवस्थित बसलेली, मध्ये दोन ताटं वाढलेली, आणि कोणी हात लावत नाहीये. काकांनी उपोषणाचा मार्ग धरला होता. जोवर ही पहिला घास घेत नाही तोवर मी घेणार नाही.

"तिला सांग, मी थांबलोय," काका मला म्हणाले.

"त्यांना सांग, त्यांच्या आधी माझ्या घशाखाली उतरायचं नाही," काकू मला म्हणाल्या.

"तिला सांग, माझ्या घशाखाली पण उतरायचं नाही."

"त्यांना सांग, त्यांना पित्त होतं. उगाच वेडेपणा करू नका म्हणावं."

दोघांमध्ये दोन हातांचं अंतर होतं आणि मी निरोप पोचवत होते. दोन वाजले. घरून मिलिंदचे फोन येत होते. वरण गार झालं, पापड मऊ पडला. शेवटी मला भूक आवरेना आणि मी काकूंचं ताट पुढे ओढून जेवायला लागले. काका सवयीने म्हणाले, "चाव." मग त्यांना आपण काय बोललो हे लक्षात आलं आणि त्या सगळ्या गोंधळात काकू पहिल्यांदा खुदकन हसल्या.

त्या हसल्या म्हणून मला धीर आला. मी विचारलं, "काकू, एक सांगा. ही आंबील, हे वरण सगळं बाजूला ठेवा. तुम्हाला काय खावंसं वाटतं?"

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. मला वाटलं, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नसावा, म्हणून उत्तर शोधायला वेळ लागतोय.

"ओल्या काजूची उसळ," त्या म्हणाल्या. "माहेरी शिमग्याच्या आधी व्हायची. आम्ही सगळ्या मुली-बायका परसात बसून बिया सोलायचो. खोबरं किसायचो. गप्पा मारता मारता मध्येच कोणी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकायचं. कोणाचं कोणाकडे लक्ष नसायचं." मग काकांकडे बघून घाईघाईने म्हणाल्या, "पण यांना काजू आवडत नाही. राहू दे."

काका उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. पित्ताचा धोका पत्करून, उपाशीपोटी.

ते बोरिवलीच्या बाजारात गेले. तिथे या दिवसांत कोकणातून आलेल्या बायका ओले काजू घेऊन बसतात. बहुतेक जणी सोललेले गर विकतात, शहाणी माणसं तेच घेतात. काकांनी हिरव्यागार अख्ख्या बिया आणल्या, टरफलासकट. त्यांचं म्हणणं, हिला सोललेले नकोत, हिला माहेरच्यासारखे हवेत. संध्याकाळी ते विळी मांडून जमिनीवर बसले. सोबतीला मी. काकू खाटेवरून बघत होत्या.

आता हा माणूस सगळ्या चारकोपला दाणे-बदाम शिकवणारा. पण गावी काजू सोलायचं काम बायकांचं, आणि काका कोवळ्या वयात मुंबईला आलेले. ओल्या काजूच्या टरफलात चीक असतो आणि तो कातडी जाळतो, म्हणून सोलण्याआधी हाताला खोबरेल तेल चोपडायचं असतं, ही गोष्ट तिकडच्या लहान पोरीलाही ठाऊक असते. काकांना नव्हती. पाच-सहा बिया चिरून झाल्यावर ते बोटं झटकायला लागले. मग फुंकर घालायला लागले. मला विचाराल तर मीही घाटावरची, मला काय कळणार?

"अहो," खाटेवरून काकू म्हणाल्या. "हाताला तेल लावलंत ना?"

"तेल? तेल कित्याक?"

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "देवा रे, बोटांची वाट लावून घेतली. विळी खाली ठेवा आधी. त्यांना हात धुवायला लाव गं, आणि मग तेल. आणि चीक डोळ्याला लावू नका. आणि असं आडवं कोण चिरतं? दोन फाका होतात त्याच्या, उभ्या. सोडा, सोडा तुम्ही. मला वॉकर दे."

शेवटचं वाक्य त्या कसं बोलून गेल्या हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मी वॉकर दिला. काकू उठल्या. पाय थरथरत होते, पण राग पायांपेक्षा मोठा होता. एक एक पाऊल टाकत, मधूनमधून काकांच्या अडाणीपणाबद्दल बोलत, त्या जेवणाच्या टेबलापर्यंत गेल्या आणि खुर्चीत बसल्या. मी त्यांच्या मागे, सावरायला हात पुढे धरून चालत होते. काका तेलकट हात हवेत धरून उभे होते.

विळी जमिनीवर बसूनच चालवायची, म्हणून काकूंनी सुरी मागितली. तेल चोळलं, बी उभी धरली, एक दाब दिला आणि गर अलगद सुटून आला. मी नारळ फोडून खोबरं काढत होते. काकूंनी आम्हाला कामं वाटून दिली. काकांना काम मिळालं, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, बियांपासून दूर बसायचं. सोलता सोलता काकू माहेरच्या गोष्टी सांगायला लागल्या, कोणाची बहीण काजूच्या झाडावरून पडली, कोणाच्या लग्नात उसळ कमी पडली. आणि बोलता बोलता त्यांनी हात पुसला, समोरचा खोबऱ्याचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

काकांनी पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं. आता हे 'चाव' म्हणणार आणि सगळं मुसळ केरात जाणार, म्हणून मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.  पण त्यांनी हळूच आपली खुर्ची उचलली, खिडकीकडे वळवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी होती. काका ती टाकी बघत बसले. काकूंनी खोबऱ्याचा आणखी एक तुकडा घेतला. कर्र असा आवाज झाला. काकांची मान किंचित तिरकी झाली.

त्या दिवशी काकूंनी उसळ केली, म्हणजे खुर्चीत बसून माझ्याकडून करून घेतली. आणि त्यांनी वाटीभर खाल्ली. मीठ थोडं कमी पडलं होतं, तो माझा दोष, तो त्यांनी लगेच दाखवून दिला. काकांनी खिडकीकडे तोंड करूनच उसळ खाल्ली आणि 'लग्नाच्या पुलावातला पाहुणा' आता घरचा झाला असं टाकीला सांगितलं.

काकू लगेच धावायला लागल्या असं काही नाही. पण रोज थोडं पोटात जाऊ लागलं. डाळ गेली, अंडं गेलं, मासळी गेली. व्यायामवाली मुलगी म्हणाली, आता जमतंय. शिमग्याला काकू वॉकर घेऊन लिफ्टपर्यंत आल्या, आणि गुढीपाडव्याला माझ्याकडे वर. लाडवांचा डबा घेऊन आल्या होत्या. मी घ्यायला तयार नव्हते. "घे गं," त्या म्हणाल्या. "हे वेगळे बदाम आहेत. माझे मी खाल्ले."

काकांचे खिसे पुन्हा फुगले आहेत. लिफ्ट पुन्हा उशिरा उघडते. फक्त आता बदाम देण्याआधी ते बायकांना एक जास्तीचा प्रश्न विचारतात, "घरात सगळ्यांच्या शेवटी जेवतेस काय?" मी खरं ते सांगितलं, तर त्यांनी मिलिंदला लिफ्टमध्ये असा पकडला की तो चार मजले वर जाऊन परत आला. आता आमच्याकडे ताटं एकदम वाढली जातात.

परवा दुपारी मी खाली गेले होते. दार उघडंच होतं. कोणी परका माणूस आला असता तर त्याला वाटलं असतं, यांचं कडाक्याचं भांडण झालंय. काका खिडकीशी, पाठमोरे, ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून. मागे टेबलाशी काकू, समोर ताट आणि ताटाशेजारी ती बदामाची वाटी. मी काही बोलणार तेवढ्यात काकांनी मागे न बघता बोट वर केलं. मी दारातच थांबले. घरात पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

मग मागे काकूंच्या दातांखाली बारीकसा कट् झाला.

"इलो," काका पाण्याच्या टाकीकडे बघत म्हणाले, आणि त्यांनी आपला पहिला घास घेतला.